पाचपैकी दोन

पुन्ता अरेनासमध्ये वारा इतका असतो
की झाडंसुद्धा एका बाजूला कान देऊन वाढतात.
आम्हीही तसेच वाढलो, मंगळवार-गुरुवार,
बंदर कचेरीच्या वरच्या खोलीत
सेन्योरा मिलित्साच्या टेपकडे कान करून.

टेपमधला माणूस इंग्रज होता.
इस्त्रीचा आवाज. पेला बशीत ठेवावा
तसा अलगद शब्द ठेवायचा
आणि टोकाशी गिळून टाकायचा.
आम्हाला निम्मं कळायचं,
न कळलेल्या निम्म्यासाठी
आम्ही त्याला अधिकच मान द्यायचो.

एकदा फॉर्म वाटले. पाच आवाज, उतारा एकच:
गोदामाची वेळ, क्रेनचा नंबर, भरतीची उंची.
आवाज शिकलेला वाटतो? विश्वासाचा?
एक ते पाच, गोल करा.

चौथा र-ला र म्हणत होता.
स्वर मोजून पाच, आमच्यासारखेच उघडेबोडके.
त्याचं सगळं कळलं. क्रेनचा नंबरसुद्धा.
मी त्याला दोन दिले.
नेल्सन ओयार्सोनं एक.
आम्ही, जे आपल्याच स्पॅनिशमधले स खातो,
आणि लिमातली मावशी 'काय म्हणालीस?' म्हणाली
की दिवसभर फुरंगटून बसतो.

नोव्हेंबरात मला रात्रपाळी मिळाली.
रेडिओ, स्पंज फाटलेले हेडफोन, किटली.
तीनच्या सुमाराला, वारा साठ नॉट,
चॅनल सोळावर एक जहाज:
नांगर धरत नाही.
अंश, मिनिटं, माणसं एकवीस.
र-ला र म्हणणारा आवाज.
मला एकदाही 'पुन्हा सांगा' म्हणावं लागलं नाही.
टग निघाल्या. मग कुठे
किटली कोरडी पडल्याचा वास आला.

कप्तान इलोइलोचा होता, फिलिपिन्सचा.
जाताना म्हणाला, थँक यू मॅडम, व्हेरी क्लियर.

सकाळी नियमाप्रमाणे रेकॉर्डिंग ऐकलं.
त्याच्या आवाजामागून माझा.
'शिप'चा इकार मला आखूड करता येत नाही.
आमच्याकडे जहाजं पुष्कळ, मेंढ्याही पुष्कळ,
माझ्या तोंडात दोन्ही एकच.
रात्रभर मी त्याला विचारत होते:
तुमची मेंढी किती लांब? मेंढीत पाणी शिरतंय का?

एकवीस माणसं त्या मेंढीवर उभी होती.
आणि तो, न हसता,
एकेक उत्तर देत होता.