तिसरं नाव

अशोक चौकातून आत, तिसऱ्या बोळात,
रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत
टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही चौघं ठरवत होतो
आजवरच्या दुनियेतले सगळ्यात भारी दहा रॅपर.

खडू नागेश येमुलचा. पाटी म्हणजे अर्धं ओढलेलं शटर.
पहिल्या दोन जागा अमेरिकेला गेल्या.
त्यावरही भांडण झालं, पण ते मेलेल्यांचं भांडण,
त्यात जिवंत माणूस फार वेळ टिकत नाही.
तौसिफ म्हणाला, मेलाय म्हणून वर घ्यायलास का बे?
मरणं काय स्किल हाय?
नागेश म्हणाला, वेळेवर मरणं हाय.

मग नियम निघाले.
श्वास किती लांब. शब्द घरचा की भाड्याचा.
गाड्या, साखळ्या, पोरी वजा केल्यावर
कडव्यात शिल्लक काय राहतं.
मल्लिनाथ हत्तुरेचा नियम एकच:
माग चालू असताना ऐकू येतो का?
नाय येत? मग पूस.
तीन नावं तिथल्या तिथं पुसली.

तिसऱ्या जागेवर तौसिफनं लिहिलं: एमसी कांडी.

शांतता झाली. म्हणजे
भिंतीपलीकडे चोवीस माग खडखडत असताना
जेवढी होते तेवढी.

कांडी म्हणजे अंबादास बोल्ली. विडी घरकुलातला.
मराठीत सुरू व्हायचा, तेलुगूत शिव्या द्यायचा,
कन्नडमध्ये उधारी मागायचा
आणि दम घ्यायला दखनीत उतरायचा.
त्याचं गाणं एकच. दोन मिनिटं अकरा सेकंद.
मे महिन्यात, पंखा बंद करून, रजईखाली रेकॉर्ड केलेलं,
बाहेर आला तेव्हा शर्ट पिळावा लागला होता.
ते मेमरी कार्ड चार फोनांत फिरलं
आणि पाचव्यात गेलंच नाही.

नागेश म्हणाला, गाणं कुठंय? दाखव.
नसलेल्या गाण्याला तिसरा नंबर?
तौसिफ उभा राहिला, म्हणून दाखवलं:
*उभा धागा बापाचा, आडवा धागा माझा,
मधे जे घावलं ते चादर म्हणून विकलं.*
चादर नाय बे, नागेश म्हणाला, चामडं.
चामडं म्हणून विकलं.
हत्तुरे म्हणाला, विकलं नव्हतंच. विणलं होतं.
नागेशच्या लक्षात आलं नाही
की नसलेल्या गाण्यासाठी तो आता
सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता.

मी गप्प होतो.
सोमवारी दुपारी मी त्याला पाहिलं होतं.
सात रस्त्यावर, विम्याच्या ऑफिसात,
गळ्यात ओळखपत्र, केसांना मधोमध भांग.
माझ्या दुचाकीच्या पॉलिसीच्या अटी
त्यानं मला वाचून दाखवल्या, नियम एक ते सतरा,
एका दमात, कुठंही न अडखळता,
बाराव्या अटीला मान थोडी डावीकडे टाकून.
मी विचारलं, कांडी, ती ओळ काय होती रे?
चादर की चामडं?
तो म्हणाला, कुठली ओळ?
मग बोट ठेवलं कागदावर: इथं सही.

विसरला होता की दार लावत होता, कळलं नाही.
बाहेर आल्यावर बघितलं,
सहीच्या जागी मी ठोका धरल्यासारख्या
दोन रेघा ओढल्या होत्या.

तुझं मत काय बे? तिघंही माझ्याकडे वळले.
मी म्हणालो, तिसरा. ठेवा.
आणि शब्द?
मी म्हणालो, चामडं.
तौसिफ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

भोंगा झाला. सातवं ते दहावं नाव राहून गेलं.
पहाटे मालकानं शटर वर ढकललं,
अमेरिका आधी गुंडाळली गेली, मग तो,
आणि खडूची थोडी पूड
माझ्या हातातल्या पांढऱ्या टॉवेलवर पडली.
झटकायला गेलो.
दिसतच नव्हती.