दोन बोटं

ये फिआक्रा, दार लोट मागं, वारं येतंय.
कुराघच्या माळावर धुकं अजून मेंढ्यांच्या पाठीवर बसलंय,
पहिली तुकडी निघायला अर्धा तास आहे.
तोवर ही कडी मुठीत धर.
गार लोखंड कुणाच्याच तोंडात घालायचं नाही,
मॅलकी टूहीच्या पागेतला हा पहिला नियम.
दुसरा मलाही अजून नीट कळलेला नाही.

भिंतीकडं बघ. तीस वर्षांचं लोखंड.
हे साधं, मध्ये एक सांधा,
ओढलं की अडकित्त्यासारखं जिभेवर मिटतं.
हे रबराचं, लाडावलेल्यांसाठी.
हे गोल कडं, खालच्या जबड्याभोवती फिरतं;
वळणावर बाहेर पळणाऱ्याला आत आणतं,
पण हात जड असला तर घोड्याचं डोकं आभाळात.
घोडा लोखंडापासून पळतो, पोरा,
आणि पळायला त्याला एकच दिशा ठाऊक: पुढं.
म्हणजे जितकं खेचशील, तितका तो जाईल.
स्वारीच्या पुस्तकात हे वेगळ्या शब्दांत असतं.

नाकपट्ट्या त्या खुंटीवर.
ही दिसण्यापुरती.
ही नाकावर फुली मारते, तोंड उघडू देत नाही.
ही लोकरीची, जाडजूड:
सावलीला बुजणाऱ्याला सावली दिसत नाही,
मान वर करणारा खालचं बघायला मान खाली घालतो.
लोकर आपल्याच माळावरच्या मेंढीची असेल, कुणास ठाऊक.

टर्फकटर तुला आठवायचा नाही.
काळसर तपकिरी, कपाळावर अर्धीच चांदणी.
जीभ कडीवरून टाकायचा,
मग लगाम म्हणजे नुसता दोर,
एका टोकाला स्वार, दुसऱ्याला वारा.
मालकीण प्रेंडरगास्टबाई, रोस्क्रेत औषधांचं दुकान.
म्हणाल्या, बांधा.
जीभ बांधली, मऊ कापडानं, जबड्याला.
मग फुली.
मग फुलीचं अजून एक भोक.
पट्टीखाली माझं नखही शिरेना.

आणि घोडा सरळ पळाला.
नेसला सहा लांबींनी.
आवळून काही होत नाही असं कुणी सांगितलं
तर ऐकू नकोस. होतं.
दुसऱ्यांदाही जिंकला,
डोनलनं तर एका हातात थोपवला.

तिसऱ्यांदा लिमरिक.
शेवटच्या दोन फर्लांगांत त्याच्या गळ्यातून
भांडं खंगाळल्यासारखा आवाज.
पाचवा.
पट्टी सोडली तर नाकाच्या हाडावर केस नव्हते,
खाच होती. बोटानं चाचपली.
तो मागं सरला नाही.
हेच मला अजून सांगता येत नाही कुणाला.
मागं सरायला हवं होतं त्यानं.

बैलाच्या नाकात आपण कडं घालतो,
घोड्याच्या नाकाला भोक पाडत नाही,
एवढ्यावरच स्वतःला सभ्य समजतो.

पुढच्या खेपेला मी बाईंना न विचारता
दोन बोटांची जागा ठेवली.
तोंड चघळत, फेस गाळत निघाला.
शर्यत सुरू व्हायच्या आधीच डोनलला घेऊन
मैदानाला एक अख्खी फेरी मारून आला,
कुंपणाकडची माणसं टाळ्या वाजवत होती.
मग धावलाच नाही. काढून घ्यावा लागला.
आठवड्यात विकला. कुठं गेला माहीत नाही.
बाईंनी मला बिलात धरलं.

तर आण तुझी बोटं.
इथं, हाडावर. गालाकडं नको,
गालाकडं मऊ असतं, तिथं मोजणारा
स्वतःला फसवतो.
कुणाची दोन बोटं, हे मात्र कुठंच लिहिलेलं नसतं.
माझी ही अशी, गाठाळलेली.
तुझी अजून पेन्सिलीसारखी.

बघू, लोखंड गरम झालं?
नाही. अजून थोडं धर.