खोडरबर

तीस वर्षं मी जहाजांच्या रेघा ओढल्या
रिएकाच्या गोदीत, तिसऱ्या मजल्यावर.
अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे
कुठेतरी, कुणाच्या तरी अंथरुणाखाली, समुद्र.
त्यामुळे माझा हात चुकत नाही.
हेच तर दुखणं, असं आंजेला म्हणते
आणि माझा खोडरबर उचलून
खिडकीवरच्या फळीवर ठेवते,
टाचा उंचावूनही पोचणार नाही असा.

आज समोर योझो बसलाय,
क्रेनवरून निवृत्त.
मोडून वाकडं बसलेलं नाक,
दर शनिवारी तोच निळा स्वेटर.
त्याच्या दोन डोळ्यांतलं अंतर मी पेन्सिलीने मोजते,
मग पुन्हा मोजते.
तासाभरात कागदावर
एक दुरुस्त माणूस तयार होतो
ज्याला जन्मात कधी सर्दी झाली नसेल.

"हं," म्हणते आंजेला. एवढंच.

मग बुरा सुटला,
डोंगरावरून धावत येणारा आमचा गार वारा.
खिडकीची कडी निघाली,
शाईची बाटली आडवी झाली
आणि काळा ओघळ योझोच्या गालावरून
कानाकडे निघाला, सावकाश,
पत्ता माहीत असल्यासारखा.
मी बेकरीची पिशवी फाडून वर दाबली.
ती शाई टिपेना, चिकटूनच बसली,
तिच्यावरचा अर्धामुर्धा शिक्का उलटा,
बरोबर कानाच्या जागी.

फळीकडे पाहिलं.
मग म्हटलं, बुडालंच आहे जहाज,
आता भिजायला कसली भीती.
ओल्या शाईत बोटं घातली,
नाक ओढलं एका दमात, जवळजवळ डोळे मिटून.
कॉफीचा गाळ थापला हनुवटीवर,
दोन दिवसांची दाढी.
जुन्या आराखड्याची एक पट्टी
टरकावून लावली कपाळाला:
निळ्या रेघा, आकडे, कुठल्याशा बोटीची जलरेषा,
आठ्या म्हणून बऱ्या दिसतात.
एक डोळा फार वर गेला.
जाऊ दे. क्रेनवर होता तो माणूस.

योझो उठला, गुडघे वाजवत आला,
बघत राहिला.
आंजेला मागून काहीतरी विचारत होती.
त्याने मान वळवली, दुसरा कान पुढे केला,
आणि तेव्हा मला कळलं,
आठ शनिवार मी ज्याची अंतरं मोजत होते
त्याला या बाजूने ऐकूच येत नव्हतं.

"नाक माझंच," तो म्हणाला.
मग पिशवीच्या कागदावर बोट ठेवून,
"पाव कुठला? द्राझेनकडचा?
पूर्वी बरा असायचा."

निघताना खुर्चीवर चढून खोडरबर काढला.
घरी ब्लेडने त्यात कोरली
स्वेटरची वीण, उलट-सुलट टाके.
शाईत बुडवून उमटवते आता.
ठसा कधी पुरता बसत नाही,
एक कोपरा कोरडा राहतोच.
तिथे मी हात लावत नाही.

परवा लावला. अगदी थोडा.