रोजा कितीला सोडायचा

रोवानिएमीत जून महिन्यात सूर्य बुडत नाही.
केमी नदीवर खाली उतरतो,
पुलाला टेकतो न टेकतो
की किल्ली विसरल्यासारखा माघारी फिरतो.

त्या वर्षी रमजान नेमका जूनमध्ये आला.
स्वयंपाकघराच्या खिडकीला मी
निर्वासित-केंद्रातून आणलेली दोन राखाडी ब्लँकेटं ठोकली,
सहा खिळे,
आणि त्या हातानं केलेल्या अंधारात
आम्ही पाच वाजल्यापासून भांडायला बसलो.

यासीन म्हणाला, मक्केची वेळ धरा, वाद मिटला.
अविल म्हणाला, हेलसिंकीची. तिथं निदान बुडतो तरी.
मी म्हणालो, बैदोआची.
आमच्या बैदोआत सूर्य कारकुनासारखा,
सहाच्या ठोक्याला दप्तर बांधून घरी.

‘जिथून जीव घेऊन पळालास, तिथली वेळ?’
‘मग मक्का कशाला? आपण काय अरब?’
‘आपले पूर्वज तिकडूनच आले. होडीतून.’
‘होडीतून! आणि उंट काय पोहत आले?’

मग ओघाओघात सगळंच निघालं.
अविलच्या लग्नात बायकांनी डफ वाजवला, ते.
यासीनच्या बायकोचा अलीकडचा काळा नकाब,
आणि त्याच्या आईचा तो जुना फोटो,
एक खांदा उघडा, पिवळं गुंतीनो, मागे समुद्र,
जो त्यानं भिंतीवरून काढून कपाटात ठेवलाय.
‘आई नमाज चुकवायची का रे तुझी?’ मी विचारलं.
तो बोलला नाही.
पाणी पिता येत नव्हतं,
नाहीतर प्याला असता.

कोणाचं कूळ कोणतं, हे मात्र कोणी विचारलं नाही.
ते विचारायचं नसतं, माहीत असायचं असतं.
मला बापजाद्यांची एकोणीस नावं पाठ.
माझा लीबान चौथ्या नावाला अडखळतो
आणि फिनिशमध्ये हसतो.

भांडणाच्या भरात बैदोआचे सहा गेले,
मक्केचे सात गेले,
हेलसिंकीचे पावणेअकराही वाजून गेले.
फोन आपापल्या वेळी अजान देऊन गप्प झाले.
खजुराच्या ताटलीकडे पहिला हात कोणी करेना.
ज्यानं केला, तो हरला.

दहबो आत्या ओट्याशी सांबूस वळत होती.
पिठाच्या बोटांनी तिनं ब्लँकेटचं टोक उचललं.
रात्रीचे साडेअकरा,
आणि खजुरांवर ऊन.

‘दुष्काळात आम्ही सीमेकडे चाललो होतो,’ ती म्हणाली,
‘तेव्हाही रमजानच होता. घड्याळ कोणाकडे?
उंटीण गुडघे टेकायची, तो आमचा मगरिब.
एक दिवस टेकली ती उठलीच नाही.
त्या दिवशी कितीला सोडला,
मला आठवत नाही.’

शाह उकळून केटलीचं झाकण वाजायला लागलं.
कोणी उठलं नाही.
मग झोपेची वेळ कधीच टळून गेलेल्या बिलाननं,
अविलच्या धाकटीनं, विचारलं,
‘आणि रेनडियर कितीला बसतो?’

यासीन आधी हसला.
हसता हसता त्यानंच ताटली पुढे सरकवली,
पण स्वतः घेतला नाही, आत्याला दिला,
आत्यानं मला, मी अविलला.
पहिला कोणी तोंडात टाकला
आणि कोणाच्या वेळेनं,
ते आजतागायत ठरलेलं नाही.

आता रमजान सरकत सरकत हिवाळ्याकडे निघालाय.
अजून काही वर्षांनी डिसेंबरात येईल,
तेव्हा इथं दिवस म्हणजे काडी ओढून विझवावी एवढा.
अविलनं आत्तापासूनच वाद काढलाय.

ते घर आम्ही पुढच्या वर्षी सोडलं.
किल्ल्या घ्यायला आलेल्या माणसानं
खिडकीच्या चौकटीतली भोकं मोजली. सहा.
‘इथं काय टांगलं होतं?’
मला फिनिशमध्ये दुसरा शब्द सुचेना.
‘संध्याकाळ,’ म्हटलं.
त्यानं वहीत काहीतरी लिहिलं
आणि डिपॉझिटातून चाळीस युरो कापले.