काकण

सकाळी साडेसहाला माशेलच्या उतरणीवर
पों-पों करत येते बॉस्त्यांव पदेराची सायकल.
टोपलीवर निळं प्लॅस्टिक, खाली पोय, उंडे, कातरे,
आणि तळाशी
दातांशी भांडणारी काकणं.

मी विचारते, ह्याला काकण का म्हणायचं?
"वाटकुळें आसा न्हू, बाय? देखून."
वाटोळं आहे म्हणून. संपलं.
तो सुटे पैसे मोजतो.

माझं एवढ्यावर भागत नाही.
मी शब्दकोश उशाशी घेऊन झोपणाऱ्या मास्तरांची मुलगी.
बाबा सांगायचे, पाव आला गलबतातून,
किनाऱ्यावर नाकात बोलायचा,
घाट चढता चढता त्याची सर्दी गेली.
काकण मात्र इथलंच, कंकणाचं धाकटं.
भाकर बाहेरची, नाव माहेरचं,
असं म्हणून ते चहात बुडवायचे
आणि मिशी ओली करून घ्यायचे.

पण मला आठवते शेवंती कासारीण.
चवथीच्या आधी ओट्यावर बसून
अख्ख्या वाड्याचे हात दाबून-दाबून भरायची.
स्वतःचे मोकळे.
एकदा तिने बॉस्त्यांवच्या बापाकडून, विंसेंतकडून,
काकण घेतलं ते थेट मनगटात चढवलं.
आम्ही पोरी हसलो. आई हसली नाही.
विंसेंतने पैसे घेतले नाहीत.
ती ते घालूनच पुढच्या घरी गेली.
खाल्लं की नाही, कोण जाणे.

त्या काळी पदेराला भोंगा नव्हता.
काठी होती, वर पत्र्याच्या चकत्या,
जमिनीवर आपटली की छुन्न.
उतरणीवर छुन्न झालं की आम्ही पैज लावायचो,
पदेर की कासारीण?
वळणावर माणूस दिसेपर्यंत
दोघांचं नाव एकच असायचं.

म्हणून मला वाटतं, हे नाव डोळ्यांनी ठेवलेलं नाही.
कुणीतरी अंथरुणातूनच ठेवलं असणार,
आवाज ऐकून.

बॉस्त्यांवला हे सांगितलं.
"ना गे बाय. वाटकुळें देखून."
आणि बापाची काठी?
ती परसात आहे, पपईच्या झाडाला टेकू.
चकत्या पोरांनी कधीच काढल्या.

तो गेला की मी एक काकण उचलते,
चहात बुडवण्याआधी कानाशी हलवून बघते.
काही वाजत नाही.
थोडं पीठ सांडतं मांडीवर.