उखर्डू

भाटाच्या वहीत एवढंच :
उखर्डू बिन धुडकू, पांझरेकाठी आला.
कुठून आला, ते पान वाळवीनं खाल्लंय.

मग मीच ठरवते.
उन्हाळ्यात आला असेल, नदी आटलेली असताना;
पुरात कोण बांध घालतो?
बरोबर एकच बैल.
दुसरा लळिंगच्या घाटात बसला, तो उठलाच नाही.
जुवाच्या रिकाम्या बाजूला ठगाबाई.
(हे कुणी लिहिलेलं नाही. वहीत बायका नसतात.)

आधीची पोरं जगली नाहीत,
म्हणून आईनं याला उकिरड्यावर ठेवलं
आणि परत उचललं. नाव तेवढं चिकटून राहिलं.

अशा टाकून दिलेल्या माणसानं
चुन्यात गूळ कालवला,
काळ्या दगडावर काळा दगड बसवला,
आणि नदीला म्हणाला असेल, जरा इकडून जा.

बांध अजून आहे.
सांडव्याखालचा तिसरा दगड वाकडा बसलाय,
इंजिनिअर हसले त्याला.
तोच त्याचा, असं मी धरून चालते.
सरळ दगड कुणाचेही असू शकतात.

फडातली पाळी मात्र वहीत नसूनही ठाऊक आहे सगळ्यांना :
पाणी कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी.
आज पहाटे रंगो पाटकरी वरून ओरडला,
"शेवटला वाफामा पानी उनं का वं?"

शेवटचा वाफा आमचा.
मी अंधारात वाकून हात घातला.
गार. बोटांतून चिखल सरकला.

उनं, म्हटलं. उनं.