नमुना क्रमांक एकोणीस

कारेलीबागेतून पहाटे जीप निघाली तेव्हा
मांडीवर डबा होता, पायाशी माती काढायचं गिरमिट,
आणि फाइलीत एका चिमणीच्या नावावर
बेचाळीस हजार झाडं.
(उडणाऱ्या चिमणीच्या नव्हे. ती मला
दिवसभरात दिसलीच नाही.)

डभोईच्या पुढे कालवा ओलांडला की कादवपुरा.
नावातच कादव, म्हणजे चिखल;
बडोद्यात तीन पिढ्या काढल्यावर एवढं गुजराती
आमच्या मांजरालाही कळतं.
पण चिखल कुठे?
निलगिरीच्या रांगा, भांग पाडल्यासारख्या.
दोन रांगांमध्ये खोल चर, पाणी काढून द्यायला,
आणि प्रत्येक खोडाला पत्र्याचा बिल्ला,
सहलीला निघालेल्या पोरांना लावतात तसा.

कंपनीचे चिंतनभाई हौसेने सांगत होते,
इथे पूर्वी काहीच नव्हतं, मॅडम.
दलदल. डास.
मी वहीत लिहून घेतलं: काहीच.

मणिबेन तडवी रोजावर आलेली.
या काहीचमध्ये तिची आई कमरेइतकी उतरायची
पाणकणसं कापायला, चटयांसाठी.
सारसांची एक जोडी असायची.
एकदा म्हैस रुतली ती गेलीच.
बारा वर्षांनी चर खणताना वर आली,
कातडं शाबूत, शिंगाला दोरी,
गाठसुद्धा तीच.
या मातीला विसरायला येत नव्हतं,
असं ती म्हणाली नाही, हे माझं.
ती म्हणाली, दोरी आमची होती.

एकोणिसाव्या खुणेवर गिरमिट
हातभर गेलं, दोन हात गेलं, अडलंच नाही.
निघालं ते काळं, लोण्यासारखं,
मध्ये केसांएवढे तंतू.
कुणाच्या पणजोबांच्याही आधीची पानं, मुळं, पिसं
पाण्याखाली दबून राहिलेली, न कुजता.
धुराची मुदत ठेव म्हणा हवं तर.
पाणी होतं तोवर कुलूप होतं.

वरचा थर मात्र चहाच्या भुकटीसारखा सुटा.
मणिबेनने मला चप्पल काढायला लावली.
तळव्याला गरम लागलं.
मेमध्ये इथे जमिनीतून धूर येतो, म्हणाली,
जाळ दिसत नाही कुठे,
विझली समजून टाकलेल्या विडीसारखं
खालच्या खाली चालू असतं.
वर झाडं उभी, बिल्ल्यांसकट.
मग एके सकाळी वीस-पंचवीस आडवी. मुळंच नसतात.

आपल्याकडे म्हणतात ना,
कुठेतरी पाणी मुरतंय.
कादवपुऱ्यात ते मुरायचं थांबलं,
गोम तिथे आहे.

तक्त्यात रकाने होते: उंची, घेर, जिवंत, मेलेली.
मातीसाठी एकच, "जमिनीचा पूर्वीचा वापर",
आणि त्यात आधीच छापून आलेलं: पडीक.
खोडून वर लिहावं तर जागा
अर्ध्या बोटाची.

परतताना काळाघोड्याच्या पुलावर जीप अडकली.
खाली विश्वामित्रीत मगर होती की ओंडका,
ड्रायव्हर आणि चिंतनभाई पैज लावत होते.
माझ्या मांडीवर डब्याच्या जागी आता बरणी,
लेबल लावलेली, झाकणाला आतून घाम.

अहवाल टेबलावर आहे. चौथा दिवस.
फोनवर चिंतनभाईंचा निरोप येतो, मॅडम, सही?
पुढे हात जोडलेले, पुढे एक हिरवं रोपटं.
बरणी प्रयोगशाळेत द्यायची ती
मी ओट्यावर ठेवली आहे, पिंपाशेजारी.
सकाळी दूध उतू जायच्या आत
तिच्यात थोडं पाणी घालते.

आज नवऱ्याने विचारलं, यात काय लावलंयस?

काहीच, मी म्हटलं,
आणि आणखी झाकणभर ओतलं.